बर्फ पडायच्या आधीची तालीम: स्की पेट्रोलर ऑफ-सीझनला काय करतात?

२०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीची गर्दी ऐन भरात असताना, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या पार्क सिटी या स्की रिसॉर्टवर संप झाला. संपावर गेले ते जेमतेम दोनशे स्की पेट्रोलर, म्हणजे बर्फाचे उतार सांभाळणारी माणसं. रिसॉर्ट मात्र ७,३०० एकरांचं, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रिसॉर्टांपैकी एक. कंपनीने दुसऱ्या डोंगरांवरून माणसं आणली, तरी मोठा भाग बंदच राहिला. (त्या वर्षी सुरुवातीला बर्फही बेताचाच पडला होता, हेही खरं.) पर्यटकांनी बक्कळ पैसे मोजलेले, उघड्या असलेल्या लिफ्टपुढे लांबच लांब रांगा, आणि सगळ्यांचा सवाल एकच: लिफ्ट चालवणारे कामावर आहेत, मग डोंगर उघडायला अडलंय कुठे? दोन आठवडे व्हायला आले तेव्हा, ८ जानेवारी २०२५ ला तडजोड झाली. नव्या माणसाचा पगार ताशी २१ डॉलरवरून २३ डॉलर झाला आणि संप मिटला.

अडलंय कुठे, याचं उत्तर मात्र संपाच्या बातम्यांत फारसं आलं नाही. त्यासाठी डिसेंबरातून थोडं मागे, ऑगस्ट-सप्टेंबरात जावं लागतं. तेव्हा या डोंगरांवर गवत असतं आणि लोक सायकली घेऊन फिरत असतात.

## लाल जाकिटातली माणसं

बर्फाच्या उतारांची राखण करणारं पथक म्हणजे स्की पेट्रोल आणि त्यातला एकेक जण पेट्रोलर. बहुतेक ठिकाणी लाल जाकीट आणि त्यावर पांढरा क्रॉस ही त्यांची खूण. पहिली लिफ्ट सुरू व्हायच्या कितीतरी आधी ते वर पोहोचलेले असतात. रात्रीतून साठलेला बर्फ कुठून सुटू शकतो याचा अंदाज घेतात आणि गरज वाटली तर छोटे स्फोट करून तो माणसं यायच्या आधीच खाली पाडून टाकतात. उघडे पडलेले दगड, झाडांचे बुंधे यांच्याभोवती बांबू रोवतात, दोऱ्या ओढतात, धोक्याचा उतार बंद करतात. दिवसभर पडलेल्यांना उचलून खाली आणतात. संध्याकाळी शेवटची फेरी मारून डोंगरावर कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघतात. यातलं एखादं जरी काम झालं नाही तर तो उतार उघडता येत नाही. पार्क सिटीत घोडं अडलं ते इथे. लिफ्ट होत्या, पण लिफ्टमधून उतरल्यावर पुढे जायला तपासलेली वाट नव्हती. बाहेरून आणलेल्या माणसाला स्फोटकं हाताळता येतात, जखम बांधता येते, पण या डोंगराची कुठली घळ कुठल्या वाऱ्यानंतर दगा देते हे त्याला कोण सांगणार?

ही सगळी व्यवस्था एका मोडलेल्या घोट्यातून उभी राहिली. १९३६ च्या सुरुवातीला चार्ल्स मायनॉट डोल नावाचे विमा व्यवसायातले एक गृहस्थ व्हरमाँटमधल्या स्टो इथे मित्रांबरोबर स्की करायला गेले आणि घोटा मोडून थंडीत पडून राहिले. डोंगरावर मदतीला कुणी नव्हतं. मित्रांनी कुठून तरी छपराचा पत्रा पैदा केला आणि त्यावर घालून त्यांना ओढत खाली आणलं. त्या मित्रांपैकी फ्रँक एडसन त्याच हंगामात एका स्की शर्यतीत जखमी होऊन वारले. डोल यांनी मग हा विषय लावूनच धरला, आणि १९३८ मध्ये नॅशनल स्की पेट्रोल ही संस्था स्थापन झाली. आज तिचे तीस हजारांच्या आसपास सभासद आहेत. त्यातले बरेचसे बिनपगारी स्वयंसेवक आहेत, ही गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे. (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनसाठी माणसं निवडण्याचं कामही याच संस्थेने केलं, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

## रोजचं काम हाच सराव नाही का?

पहिली शंका साहजिक आहे. जो माणूस अख्खा हिवाळा जखमी लोकांनाच उचलतो, त्याला उन्हाळ्यात वेगळी तालीम कशाला?

थोडा हिशेब बघू. एका माणसाने एक दिवस स्की केलं की तो एक स्की-दिवस. असे हजार स्की-दिवस झाले की साधारण दोन-तीन जणांना पेट्रोलची गरज पडेल अशी दुखापत होते. त्यात सगळ्यात जास्त गुडघे. त्याखालोखाल खांदे, मनगटं, अंगठे आणि डोकं. मोठ्या रिसॉर्टवरचा पेट्रोलर एका हंगामात इतके गुडघे बांधतो की ते काम त्याच्या हातात बसून जातं. गुडघ्याचा सराव खरोखरच नोकरी करून घेते.

आता दुसरी यादी बघा. मांडीचं हाड मोडून आतल्या आत रक्तस्राव. उतारावर अचानक बंद पडलेलं हृदय. हिमस्खलनाखाली गाडला गेलेला माणूस. मध्येच थांबलेली लिफ्ट आणि तिच्यावर लटकलेली दोनशे माणसं. यातला एखादा प्रसंग पेट्रोलरच्या वाट्याला वर्षानुवर्षं येत नाही, आणि येतो तेव्हा हातात मिनिटं असतात. ज्या प्रसंगात जीव जायची शक्यता सर्वांत जास्त, नेमका त्याच प्रसंगाचा सराव रोजच्या कामातून मिळत नाही. सगळी ऑफ-सीझनची तालीम आहे ती या फटीसाठी.

ही फट किती लवकर रुंदावते याचं सर्वांत चांगलं उदाहरण सीपीआरचं. सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याचं रक्त फिरतं ठेवणं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि दर ३० दाबांनंतर दोन श्वास. वाचून कुणालाही समजेल. पण शिकून झाल्यावर सराव केला नाही तर काही महिन्यांतच खोली कमी पडायला लागते, वेग चुकतो, आणि करणाऱ्याला वाटत असतं की आपलं बरोबर चाललंय. डोक्यातली माहिती टिकते. हात विसरतात.

आपल्याकडचं गोविंदा पथक आठवा. हंडी गोपाळकाल्याला असते, पण सराव सुरू होतो गुरुपौर्णिमेला. वर चढणाऱ्या पोराला चढता येतंच. तरी रोज रात्री थर लावतात, कारण कुणाच्या खांद्यावर कुणी यायचं, कुणाचा गुडघा यंदा दुखतोय आणि थर कोसळले तर कुणी कुणाला झेलायचं हे त्या वर्षीच्या माणसांनी त्या वर्षीच एकमेकांबरोबर ठरवायचं असतं. पेट्रोलचंही असंच. गेल्या वर्षीची चार माणसं सोडून गेलेली असतात, सहा नवी आलेली असतात, वायरलेसवर कोण नीट बोलतं आणि कोण गडबडतं हे कुणालाच माहीत नसतं.

## अभ्यासक्रम कसला?

सुरुवातीची कित्येक वर्षं पेट्रोलर रेड क्रॉसचा प्रथमोपचाराचा अभ्यासक्रमच शिकत. पण तो शहराच्या हिशेबाने बेतलेला. रुग्णवाहिका येईपर्यंत दहा मिनिटं काढायची, एवढी त्याची झेप. डोंगरावर रुग्णवाहिका येतच नाही. जखमी माणूस घसरड्या उतारावर आडवा, हवा शून्याखाली पंधरा, त्याच्या अंगावर कपड्यांचे चार थर, पायात दगडासारखे कडक बूट, डोक्याला हेल्मेट, आणि मदत करणाऱ्याची बोटं हातमोज्यात. म्हणून १९८० च्या दशकात नॅशनल स्की पेट्रोलने स्वतःचा अभ्यासक्रम बनवला. मोंटानातले डॉ. वॉरन बोमन त्याचे मुख्य कर्ते. ‘आउटडोअर इमर्जन्सी केअर’ असं त्याचं नाव आणि १९८८ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मूळ अभ्यासक्रम बऱ्याच आठवड्यांचा, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षेसह.

पास झालं की सुटका नाही. दरवर्षी हंगामाआधी उजळणी करावी लागते, तिला रिफ्रेशर म्हणतात. सगळा अभ्यासक्रम तीन भागांत वाटलेला असतो आणि दरवर्षी एक भाग घेतात, म्हणजे तीन वर्षांत पूर्ण पुस्तक पुन्हा हातांखालून जातं. सीपीआर मात्र दरवर्षी. लिफ्टवरून माणसं उतरवण्याचा सरावही दरवर्षी. जिथे स्फोटकं वापरतात तिथे त्यांचं प्रशिक्षण वेगळं. कागदपत्रं, संमती, अहवाल कसा लिहायचा हे कंटाळवाणं असतं आणि सगळे ते कंटाळतच करतात.

## सप्टेंबरातला एक शनिवार

रिफ्रेशर बघायला गेलात तर पहिल्यांदा निराशा होईल. पायथ्याच्या इमारतीतला मोठा हॉल, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, चहा-कॉफीचं टेबल, जमिनीवर ब्लँकेटं. बाहेर गवत. जमलेल्यांत कुणी शाळेत शिकवतं, कुणी दातांचा डॉक्टर, कुणी वायरमन. पश्चिमेकडच्या मोठ्या डोंगरांवरचे पगारी पेट्रोलर असतील तर त्यातले काही उन्हाळाभर जंगलातले वणवे विझवून किंवा नदीवर तराफे चालवून नुकतेच परतलेले.

हॉलमध्ये चार-पाच ठिकाणं आखलेली असतात आणि प्रत्येक ठिकाणी एक ‘पेशंट’. तो बहुतेकदा दुसरा पेट्रोलरच, कधी कुणाचा तरी कॉलेजात जाणारा मुलगा. साखरेच्या पाकात रंग कालवून केलेलं रक्त, चिरलेली पँट. पेशंटच्या हातात एक कार्ड असतं. काय दुखतंय, विचारल्यावर काय सांगायचं आणि विचारल्याशिवाय काय सांगायचं नाही, हे त्यावर लिहिलेलं. पहिल्यांदा भाग घेणाऱ्याला हे नाटक वाटतं. पण तो पोरगा खरंच कळवळून ओरडायला लागला की दंतवैद्याच्याही हाताला घाम फुटतो.

मांडीच्या हाडाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं येतं. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत ताकदवान. हाड मोडलं की ते आखडतात आणि मोडलेली दोन टोकं एकमेकांवर चढवतात. ती टोकं आत मांस आणि रक्तवाहिन्या फाडत राहतात. बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही आणि मांडीच्या आत लिटर-दीड लिटर साठू शकतं. यावर उपाय म्हणजे पाय सरळ रेषेत ओढून धरायचा आणि ओढलेलाच ठेवायचा. त्यासाठी जी चौकट वापरतात ती ट्रॅक्शन स्प्लिंट.

दोघं-तिघं कामाला लागतात. एक जण डोक्याशी बसून पेशंटशी बोलत राहतो. दुसरा बूट आणि मोजा बाजूला करून पावलावरची नाडी चाचपतो, बोटं हलव म्हणतो, कुठल्या बोटाला हात लावला ते विचारतो. हे आधी करायचं, कारण स्प्लिंट बांधल्यावर पाऊल गार पडलं तर ते आधीपासून गार होतं की आपण केलं, हे नंतर कळणार नाही. मग घोट्याला पट्टा. मग एक जण दोन्ही हातांनी पाय धरून सावकाश ओढतो, आणि इथून पुढे स्प्लिंटने ताण घेईपर्यंत त्याने हात सोडायचा नाही. खाज आली तरी नाही, वायरलेस वाजला तरी नाही. तिसरा चौकटीची लांबी चांगल्या पायाशी लावून मापतो, मांडीच्या मुळाशी पट्टा आवळतो, घोट्याचा पट्टा चौकटीत अडकवून ताण देतो, बाकीचे पट्टे गुडघा आणि मोडलेली जागा टाळून बांधतो. पुन्हा नाडी, पुन्हा बोटं.

वाचताना हे सोपं वाटतं. हॉलमध्ये पहिल्या खेपेला निम्म्या जोड्या लांबी मापायची विसरतात आणि मग स्प्लिंट आखूड पडतं. पाय धरलेल्याचे हात भरून येतात. आणि एवढं सगळं छान बांधून झाल्यावर शिक्षक शांतपणे विचारतो, “याचं पोट तपासलंत का?” कार्डावर पोटात मार लागल्याचं लिहिलेलं असतं. ओरडणारा पाय सगळ्यांचं लक्ष खेचून घेतो आणि न बोलणारं पोट राहून जातं. म्हणूनच शिकवताना क्रम घोकून घेतात. आधी जागा सुरक्षित आहे का, मग भळाभळा वाहणारं रक्त, मग श्वासाचा मार्ग, श्वास, नाडी, आणि मोडलेली हाडं त्यानंतर. खेळ संपल्यावर सगळे गोल करून बसतात आणि काय चुकलं ते बोलतात. माझ्या मते त्या शनिवारातला सर्वांत उपयोगी अर्धा तास तोच, आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री लागते तीही त्यालाच.

एक गोष्ट मात्र गवतावर शिकता येत नाही. पेट्रोलर जखमीला ज्या घसरगाडीतून खाली आणतात तिला टोबोगन म्हणतात. पुढे दोन दांडे, त्यांच्या मध्ये पेट्रोलर स्वतः स्कीवर, आणि मागे शंभर किलोंचा पेशंट. गाडीच्या पुढच्या टोकाखाली साखळी सोडली की ती बर्फात रुतून ब्रेकचं काम करते. उतार फारच उभा असेल तर मागून दुसरा जण दोरी धरून येतो. हा तोल बर्फावरच कळतो. सप्टेंबरात फक्त गाडीची तपासणी, पेशंट आत कसा ठेवायचा आणि पट्टे कसे बांधायचे, एवढंच होतं. बाकीचं पहिल्या बर्फाची वाट बघतं.

## थंडी सगळे नियम बदलते

मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ आना बोगेनहोम ही तरुण डॉक्टर स्की करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. ऐंशी मिनिटांनी तिला बाहेर काढलं तेव्हा हृदय बंद होतं. शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलेलं. सोबत्यांनी सीपीआर सुरू केला, हेलिकॉप्टरमध्येही तो चालू राहिला, ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिचं रक्त शरीराबाहेर काढून गरम करून परत सोडण्यात आलं, आणि ती जगली. पुढे त्याच रुग्णालयात तिने नोकरीही केली. गारठलेल्या शरीराला प्राणवायू फार कमी लागतो, म्हणून मेंदू तग धरू शकतो. त्यामुळे पेट्रोलरला शिकवतात की गारठलेला माणूस निर्जीव दिसला म्हणून हात थांबवायचे नाहीत, त्याला गरम करून बघेपर्यंत निर्णय द्यायचा नाही. शिवाय त्याला हलवायचं ते अलगद, कारण गार हृदय धक्क्यानेही लय सोडू शकतं.

असे बारकावे भरपूर आहेत. मऊ बर्फावर छाती दाबली तर छातीऐवजी माणूसच खाली जातो, म्हणून आधी खाली काहीतरी टणक हवं. हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, ज्याला एईडी म्हणतात, ते बर्फावरही चालतं, पण छाती कोरडी पुसायला हवी.

हिमस्खलनाचं गणित याच्या बरोबर उलटं. तिथे थंडीआधी श्वास संपतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे दहापैकी नऊ जण जगतात, अर्ध्या तासानंतर तीनपैकी एक. शोधायला प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर असतो. हे छोटं रेडिओयंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतं, आणि शोधणाऱ्याने आपलं यंत्र ‘ऐकण्या’वर टाकलं की दिशा आणि अंतर दाखवतं. त्याचा सराव गवतात मजेत होतो. मैदानात पालापाचोळ्याच्या ढिगात किंवा खड्ड्यात यंत्रं लपवायची आणि घड्याळ लावून शोधायची. एक यंत्र कुणीही शोधतं. तीन जवळजवळ पुरली की संदेश एकमेकांत मिसळतात आणि मुरलेली माणसंही गोल गोल फिरायला लागतात. कोपऱ्यात कुणीतरी आपलं यंत्र ‘ऐकण्या’वर टाकायचं विसरलेलं असतं आणि बाकीचे सगळे त्यालाच शोधत असतात. हे सप्टेंबरात झालं तर हशा पिकतो.

## लिफ्ट थांबली तर?

आपल्याला हा भाग समजायला परदेशी जायला नको. १० एप्रिल २०२२ ला झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरचा रोपवे बंद पडला आणि माणसं पाळण्यांत लटकून राहिली. हवाई दल, एनडीआरएफ, आयटीबीपी सगळे आले. बचाव चाळीस तासांहून जास्त चालला. तीन जण गेले, आणि त्यातले दोघं हेलिकॉप्टरमधून उचलताना पडून.

स्की रिसॉर्टवरची चेअरलिफ्ट म्हणजे तारेला लटकणारी बाकडी. वीज गेली किंवा यंत्र बिघडलं आणि पर्यायी इंजिनही चाललं नाही, तर माणसं वर, थंडीत, वाऱ्यात. तेव्हा पेट्रोलर खालून तारेवरून दोर टाकतात, त्याला बांधलेली छोटी बैठक वर पाठवतात, वरचा माणूस ती अंगाखाली घेतो आणि खालचा दोर हळूहळू सोडत त्याला जमिनीवर आणतो. एका बाकड्यावर चार जण, दोन खांबांमध्ये पाच-सात बाकडी, असे वीस-पंचवीस खांब. हे काम एका तुकडीचं नाही, अनेक तुकड्यांना एकाच वेळी करावं लागतं. लहान मूल एकटं असेल तर काय, वरचा घाबरून बैठकीत बसायलाच तयार नसेल तर काय, याची उत्तरं तयार हवीत. म्हणून हंगामाआधी रिकामी लिफ्ट थांबवून पेट्रोलर एकमेकांनाच उतरवतात. उंचीची भीती वाटणाऱ्या पेट्रोलरला मुद्दाम वर बसवणारेही आहेत.

## शंका बऱ्याच आहेत

हेलिकॉप्टर असताना एवढा खटाटोप कशाला? हेलिकॉप्टर हे पेशंटला रुग्णालयात नेण्याचं साधन आहे, शोधून काढण्याचं क्वचितच. वादळात ते उडत नाही, आणि अपघात होतात ते बहुधा वादळाच्या आगेमागेच. हिमस्खलनात तर पहिल्या पंधरा मिनिटांत ते येऊन पोचणं जवळपास अशक्यच. तोवर जे काही होतं ते उतारावरच्या माणसांच्या हातून.

बिनपगारी हौशी लोकांच्या हाती जीव कसा द्यायचा? पगार असो-नसो, प्रमाणपत्र तेच आणि रिफ्रेशरही तोच. स्वयंसेवक उलट स्वतःची वर्गणी भरतात, सुट्टीचे दिवस घालतात आणि बदल्यात साधारणपणे मोफत स्की करायला मिळतं. माझी अडचण वेगळी आहे. एका माणसाला खऱ्या अर्थाने तयार व्हायला काही हंगाम जातात. पगारी पेट्रोलर घरभाडं परवडत नाही म्हणून तिसऱ्या वर्षी सोडून गेला की त्याच्याबरोबर ती सगळी तालीम जाते. पार्क सिटीच्या वाटाघाटींत दोन डॉलरची चर्चा झाली, पण अनुभवी माणसं टिकवण्याचा मुद्दाही तिथे होताच.

हल्ली सगळं ऑनलाइन शिकता येतं की. वाचायचा, बघायचा भाग आता ऑनलाइन होतोही, आणि ते बरंच झालं. वर्गात बसून तक्ते बघण्याचे तास वाचले. पण पाय ओढून धरल्यावर चौथ्या मिनिटाला मनगटं कशी थरथरतात हे पडद्यावर कळत नाही.

ऑफ-सीझनला डोंगर रिकामाच असतो ना? आता नसतो. बऱ्याच रिसॉर्टांवर उन्हाळ्यात लिफ्टने सायकली वर नेतात आणि लोक उतारावरून भरधाव खाली येतात. कॉलरबोन, मनगटं, डोकी फुटतातच. काही पथकांनी त्यासाठी सायकलवरचे पेट्रोलर ठेवले आहेत आणि तेही हाच अभ्यासक्रम वापरतात.

## गुलमर्गला जाताना

मराठी घरांतून आता गुलमर्गच्या सहली सर्रास निघतात, आणि गोंडोलात, म्हणजे तिथल्या रोपवेत, बसणं तर यादीत असतंच. तिचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाने सुमारे ३,९८० मीटरपर्यंत नेतो. जून २०१७ मध्ये, बर्फाचा हंगाम संपून महिने लोटल्यावर, वादळी वाऱ्यात झाड पडून या गोंडोलाला अपघात झाला आणि सात जण दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वरच्या उतारांवर हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. गुलमर्गला स्की पेट्रोल आहे, पण दोऱ्यांनी आखलेल्या भागाबाहेरचे उतार कुणी तपासून दिलेले नसतात. वर हवा विरळ असते, हृदयाचा त्रास असलेल्यांनी तो विचार आधीच करावा.

सह्याद्रीत गड-कड्यांवरून पडलेल्यांना झोळीतून खाली आणणारी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकंही स्वयंसेवकांचीच आहेत. त्यांनाही तालमीचे दिवस सुट्ट्यांतूनच काढावे लागतात.

उतारावर तुमच्यासमोर कुणी पडलं तर करायचं ते एवढंच. त्याच्या थोडं वरच्या बाजूला दोन स्की बर्फात रोवून एकमेकींवर फुलीसारख्या ठेवा. वरून येणाऱ्या स्कीअरला ती खूण कळते आणि तो वळसा घालून जातो. पडलेल्याचं हेल्मेट काढू नका, बूट काढू नका, उठवून बसवू नका, त्याच्या अंगाखाली-अंगावर मिळेल ते जाकीट घाला. एकाला निरोप घेऊन पाठवा किंवा फोन करा, आणि उताराचं नाव, लिफ्टच्या जवळच्या खांबाचा नंबर, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे चार मुद्दे सांगा. पेट्रोलर येताना काय घेऊन यायचं ते त्यावरूनच ठरवतो.